बैलगाडी, टायरगाडी आणि ट्रॅक्टर : बीड जिल्ह्यातील ऊसवाहतूक व अधिकृत ओढक्षमतेचा प्रश्न

प्रस्तावना

वाहनात फेरफार केला असता त्याची अधिकृत ओढक्षमता वाढते काय, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे. 'अधिकृत' म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो कोणत्यातरी वर्षी, कोणत्यातरी कायद्याने आणि कोणाच्यातरी रक्षणासाठी ठरविलेला असतो. वाहन प्रत्यक्षात किती ओढू शकते आणि त्याने किती ओढावे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांच्यातील अंतर बीड जिल्ह्याइतके स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र पाहावयास मिळते. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, गेवराई, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी जातात. जिल्ह्यात तेलगाव, परळी, अंबाजोगाई, गेवराई या परिसरांतही साखर कारखाने उभे राहिले. ऊस तोडणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वाळण्यापूर्वी गव्हाणीपर्यंत पोहोचविणे महत्त्वाचे. ही वाहतूक गेल्या सात दशकांत लाकडी चाकावरून टायरवर आणि बैलाकडून ट्रॅक्टरकडे आली. या प्रत्येक टप्प्यावर वाहन बदलले. अधिकृत आकडा मात्र प्रत्येक वेळी बदलला नाही. तो केव्हा बदलला आणि केव्हा बदलला नाही, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

लाकडी चाकाची मर्यादा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वालचंदनगर, बेलापूर कंपनीचे हरेगाव यांसारखे खासगी कारखाने आपल्या मळ्यांतून रुळांवरील छोट्या गाड्यांनी ऊस आणीत. मळा सलग आणि मालक एक असल्यामुळे ते शक्य होते. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सहकारी कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि हे चित्र बदलले. सहकारी कारखान्याचा ऊस शेकडो सभासदांच्या विखुरलेल्या तुकड्यांत असतो. तेथे रूळ टाकता येत नाहीत. तेथे बैलगाडीच लागते. ती पुरविणारा मनुष्य व त्याचा बैल बालाघाटच्या माळरानावरून आला. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढला.

जुनी गाडी म्हणजे बाभळीच्या लाकडाचा तुंबा, त्यात बसविलेले आरे, वर लोखंडी धाव आणि आखाला दिलेले वंगण. बैल सतत काम करताना आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके बळ लावू शकतो, असे कृषी-अभियांत्रिकीत मानले जाते. साडेतीनशे किलोचे दोन बैल धरले तर जोडीचे बळ सत्तर किलोच्या आसपास येते. मऊ, भिजवलेल्या शेतात अरुंद लोखंडी धाव रुतते आणि चाकाला होणारा रोध एकूण भाराच्या दहाव्या हिश्श्याहूनही अधिक होतो. म्हणजे ही जोडी अशा जागी सहाशे-सातशे किलोंपलीकडे फार काळ ओढू शकत नाही. हीच धाव कठीण सडकेवर बऱ्यापैकी सहज चालते, पण सडक मात्र कापीत जाते. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीच्या काळापासून सडक मोटारीसाठी बांधावी की गाडीसाठी, हा वाद रस्ते-अभियंत्यांत चालू होता. त्या वादात गाडीवानाची बाजू मांडणारा कोणी नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

हवेचा टायर बसविलेली गाडी हा त्यावरचा तोडगा होता. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला. रबरी टायर व पोलादी आख असलेली बैलगाडी त्यानंतरच्या दशकांत देशभर पसरली. शेतातील रोध यामुळे निम्म्याहून कमी होतो, सडक शाबूत राहते, आणि तीच जोडी कितीतरी अधिक माल ओढते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हा फेरफार यशस्वी होता. कायद्यानेही तो मान्य केला.

१९६५ चा तक्ता

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० मध्ये संमत झाला. त्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. या नियमांतील भाराचा तक्ता वाहतुकीच्या इतिहासकारांकडून दुर्लक्षित राहिला आहे. त्यात बैलांचे वजनावरून तीन वर्ग पाडलेले आहेत. दोनशे किलोपर्यंतचा बैल लहान, दोनशे ते साडेतीनशे किलोंपर्यंतचा मध्यम आणि त्यावरील मोठा. दोन चाकांच्या गाडीसाठी लहान बैलाची मर्यादा हवेचे टायर नसतील तर ५०० किलो, टायर असतील तर ७५० किलो आणि बॉल-बेअरिंग बसविलेले असेल तर १००० किलो अशी आहे. मध्यम बैलासाठी हेच आकडे अनुक्रमे ७००, १०५० व १४०० आहेत. मोठ्या बैलासाठी ९००, १३५० व १८००.

बैल तोच, जू तेच, रस्ताही तोच. केवळ चाक आणि आख बदलला की अधिकृत मर्यादा दीडपट आणि पुढे दुप्पट होते. मूळ प्रश्नाचे इतके स्पष्ट होकारार्थी उत्तर भारतीय वाहतूक-कायद्यात दुसरीकडे सापडणे कठीण आहे. येथे फेरफार करणाऱ्या मालकाला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. टायर बसविला, मर्यादा वाढली.

तक्त्याची घडण मात्र काळजीपूर्वक पाहावी लागते. बॉल-बेअरिंग आणि टायर हे दोन पर्याय असल्यासारखे लिहिले आहेत. प्रत्यक्षात मऊ जमिनीवर लाभ होतो तो प्रामुख्याने टायरचा; आखातील घर्षण कमी झाल्याने होणारा लाभ त्यामानाने लहान असतो. तेव्हा सर्वांत वरचा आकडा टायर व बेअरिंग दोन्ही असलेल्या गाडीसाठी योजिला असावा, असेच मानावे लागते. दुसरे असे, की नियमांनी चढाचा विचार केला आहे. एक किलोमीटर वा त्याहून लांब चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरहून तीव्र असेल तर मर्यादा निम्मी होते. परंतु जमीन मऊ की कठीण, याचा विचार नाही. बालाघाटातील गाडीवानाला धारूरच्या घाटापेक्षा पाणी दिलेल्या उसाच्या फडातून गाडी बाहेर काढणे अधिक जिवावर येते. बैलाचे गुडघे टेकतात ते तेथेच.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. टायरमुळे रोध घटला, तितक्याच प्रमाणात भार वाढविण्याची मुभा तक्त्याने दिली. त्यामुळे बैलाला लावावे लागणारे बळ पूर्वीइतकेच राहिले. सुधारणेचा लाभ खेपेच्या टनांत गेला. बैलाच्या खांद्याला त्यातून काही मिळाले नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी मराठवाड्यात खांदेमळण होते. तूप-हळदीने चोळला जाणारा तो खांदा भाराइतकाच जुवाच्या घडणीने दुखावतो. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७९ च्या आपल्या अहवालात पशुशक्तीच्या व्यवस्थापनाबरोबर बैलगाडीच्या आधुनिकीकरणाचा प्रश्न मांडला आणि पुढे अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा केला. चाक सुधारले, जू बहुतांशी आजोबांच्या काळचेच राहिले.

टायरगाडी आणि टनाची मजुरी

साखर कारखान्यांच्या व्यवहारात टायरगाडी हा स्वतंत्र वर्गच झाला. गाडी कारखान्याची, बैल मजुराचे, आणि गाडीचे भाडे मजुरीतून वळते, अशी रीत रूढ झाली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामात फेडावयाची आणि मजुरी टनावर मिळणार. बैलजोडी नेकनूर किंवा हिरापूरच्या बाजारात बहुधा याच उचलीतून घेतलेली असते. या हिशेबात खेप जितकी जड तितके कर्ज लवकर फिटते. १९६५ च्या नियमांनी दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा अधिक व सलग पाच तासांपेक्षा अधिक काम बैलाकडून घेऊ नये, तसेच तापमान ३७ अंशांवर गेलेल्या भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत त्याला जुंपू नये, असे सांगितले आहे. परंतु कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग कधी पुढे सरकेल हे ना बैलाच्या हाती असते ना गाडीवानाच्या. मध्यरात्री वजन होऊन पहाटे तीनला पुन्हा फडात जाणाऱ्या जोडीला हे नियम माहीत असणे शक्य नाही. आणि माहीत असते तरी उचल देणाऱ्याला ते सांगता आले नसते.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. थकलेला बैल विकून नव्याच्या किमतीत भर घालण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद झाला. बैलगाडीकडून ट्रॅक्टरकडे जाण्याची गती वाढण्यास हे एक कारण घडले. इतर कारणे, म्हणजे वेग, लांबचे फड आणि चाऱ्याची टंचाई, त्यापूर्वीपासून होतीच.

ट्रॅक्टर : ओढणे आणि थांबणे

ट्रॅक्टरच्या ओढशक्तीचा अधिकृत आकडा वेगळ्याच कारणातून जन्मला. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात उत्पादकांच्या फुगवलेल्या दाव्यांनी फसलेल्या शेतकऱ्यांसाठी १९१९ मध्ये ट्रॅक्टर-चाचणीचा कायदा झाला आणि १९२० मध्ये पहिली चाचणी पार पडली. भारतात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रात १९५० च्या दशकापासून हे काम चालते. अशा चाचण्यांत ट्रॅक्टरची ओढशक्ती जादा वजने न लावता आणि ती लावून अशा दोन्ही रीतींनी मोजण्याची प्रथा आहे. चाकावरील भार वाढला की पकड वाढते आणि ओढ वाढते. शेतकरीही मागच्या टायरांत पाणी भरतो, पुढे बिडाची वजने टांगतो. म्हणजे या फेरफाराची परिणामकारकता अधिकृत चाचणीनेच सिद्ध केलेली आहे. मात्र हा आकडा ग्राहकाच्या माहितीसाठी आहे. सडकेवर दोन ट्रॉल्या जोडण्याचा तो परवाना नव्हे.

सडकेवरील गणित निराळे असते. सपाट डांबरी रस्त्यावर टायरचा रोध भाराच्या दोन-तीन टक्के इतकाच असल्याने दीड टन ओढ देणारा ट्रॅक्टर वीस टनांहून अधिक भार हलवू शकतो. हलविणे ही अडचणच नाही. वीस टनांचा ताफा वीसास एक अशा चढावर आला की केवळ चढासाठी एक टन अधिक ओढ लागते. मागची ओढ वाढली म्हणजे पुढची चाके उचलली जातात आणि सुकाणूचा ताबा सुटतो. उतारावर प्रश्न उलटा होतो. मांजरसुंब्याच्या घाटात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या मागून रेटत असतात. त्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. तेव्हा सारा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर येतो. गावोगावच्या वर्कशॉपात ट्रॉलीच्या बाजू उंच करून घेतल्या जातात, पाटे वाढवले जातात, जाड टायर बसविले जातात आणि पहिल्या ट्रॉलीमागे दुसरीचा हूक वेल्ड केला जातो. या प्रत्येक कामाने ट्रॉलीची धारणशक्ती खरोखर वाढते. थांबण्याची शक्ती मात्र यांपैकी एकाही कामाने वाढत नाही.

मोटार वाहन कायद्याची भूमिका

मोटार कायद्याने १९६५ च्या तक्त्याच्या उलट दिशा घेतली. मालकाने केलेल्या फेरफारावर नियंत्रण १९३९ च्या अधिनियमातच कलम ३२ ने होते. १९८८ च्या अधिनियमात ते कलम ५२ मध्ये आले. मूळ तरतुदीप्रमाणे नोंदणी-प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन फेरफार करण्यास बराच वाव होता. सन २००० च्या दुरुस्तीने तो आकुंचन पावला आणि उत्पादकाने मुळात दिलेला तपशील ही कसोटी झाली. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी के. जयचंद्र प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. रंग बदलणे किंवा किरकोळ जोडणी चालेल, परंतु उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा रचनेतील बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफाराबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आली.

तरीही एक दार कायद्याने किलकिले ठेवले आहे. कलम ५८ प्रमाणे वाहतूक-वाहनाचे कमाल वजन टायरांची संख्या, प्रकार व आकार, तसेच वाहनाची बनावट व प्रतिमान पाहून केंद्र शासन अधिसूचनेने ठरविते. टायर बदलल्यामुळे नोंदलेले वजन अधिसूचनेशी जुळेनासे झाले तर नोंदणीपुस्तकात सुधारित वजन लिहावे, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे टायर बदलल्याने आकडा बदलू शकतो हे तत्त्व मोटार कायद्यालाही मान्य आहे. परंतु नवा आकडा अधिसूचनेत त्या बनावटीसाठी दिलेल्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. बीडच्या एमएच-२३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच-४४ मालिकेतील वाहनमालकाने कितीही भक्कम पाटे घातले, तरी ही मर्यादा हलत नाही.

ती हलते केव्हा, हेही पाहण्यासारखे आहे. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने आसभाराच्या मर्यादा वाढल्या. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. दोन आसांच्या मालमोटारीचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर आणि तीन आसांच्या मालमोटारीचे २५ वरून २८.५ टनांवर गेले. आदल्या दिवशी जो गुन्हा होता तो दुसऱ्या दिवशी नियम ठरावा, यात विसंगती वाटेल. तथापि आसभाराची मर्यादा प्रामुख्याने सडक व पूल यांच्या रक्षणासाठी असल्याने ती वाढविण्याचा अधिकार सडकेच्या मालकाकडे, म्हणजे शासनाकडे, राहणे तर्कसंगत आहे. १९६५ च्या तक्त्यात रक्षण बैलाचे होते आणि टायर बैलाला होणारा रोध कमी करीत होता; म्हणून टायर बसविताच आकडा वाढला. मालमोटारीचे पाटे वाढविल्याने सडकेवरील भार कमी होत नाही, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा धोकाही कमी होत नाही. म्हणून तेथे आकडा वाढत नाही. दोन्ही कायद्यांतील दिसणारा विरोध या ठिकाणी मिटतो.

दंडाच्या बाबतीतही हाच धागा दिसतो. परमजीत भसीन प्रकरणात ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तडजोडीचा दंड घेतला म्हणून जादा भार तसाच पुढे नेण्याची मुभा मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड वीस हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये इतका झाला. दंड वाहनावर होतो. उसाची मोळी डोक्यावर घेऊन, ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढणाऱ्या बाईच्या भाराची नोंद मात्र कोणत्याही नोंदणीपुस्तकात नसते. एका माणसाने वाहून न्यावयाच्या कमाल वजनाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार भारताने २०१० मध्ये स्वीकारला. बाजू उंच केलेल्या ट्रॉलीत शेवटचा थर रचताना तिला किती उंच चढावे लागते, हा त्या फेरफाराचा असा परिणाम आहे की जो कोणत्याही तक्त्यात आलेला नाही.

जुगाड

अलीकडच्या हंगामांत बैलांची जागा लहान ट्रॅक्टरने घेतली आहे. परंतु गाडी जुनीच आहे. जूची दांडी कापून हूक बसविलेली दोन चाकांची टायरगाडी ट्रॅक्टरमागे जोडली जाते. कारखान्याच्या बोलीत तिला 'जुगाड' म्हणतात. उत्तर भारतात इंजिन बसविलेल्या घरगुती गाडीलाही हेच नाव आहे. ती मोटार वाहनच होय आणि तिला मोटार कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी राजस्थान राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात ठरविले. बीडमधील जुगाडाची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण येथे गाडीला इंजिन नाही. पण मोटार वाहनाने ओढलेले किंवा ओढण्यासाठी योजिलेले वाहन म्हणजे 'ट्रेलर', अशी १९८८ च्या अधिनियमातील व्याख्या आहे. त्यामुळे हूक अडकविताच ही बैलगाडी ट्रेलर बनते व तिला नोंदणीची गरज निर्माण होते.

जोवर तिला बैल जुंपलेला होता तोवर १९६५ च्या तक्त्याप्रमाणे तिला अधिकृत मर्यादा होती, आणि टायर असल्यामुळे ती लाकडी चाकाच्या गाडीहून अधिक होती. बैल सोडला की तो तक्ता लागू राहत नाही. नोंदणी नसल्याने मोटार कायद्याचा आकडाही तिच्यापाशी नसतो. फेरफारामुळे ती प्रत्यक्षात पूर्वीपेक्षा अधिक ओढली जाते. तिची अधिकृत क्षमता मात्र शून्य होते. अपघात घडल्यास विमा कंपनीचा पहिला आक्षेप याच जागी येतो, आणि नुकसानभरपाईच्या दाव्यात ट्रॅक्टरमालक, मुकादम व कारखाना यांपैकी जबाबदार कोण, याचा वाद सुरू होतो. गाडी कारखान्याची असेल तर हा वाद अधिक गुंतागुंतीचा होतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर ही गाडी दररोज चढते. तेथे तिचे भरलेले वजन, रिकामे वजन आणि उसाचे निव्वळ वजन नोंदले जाते, आणि याच नोंदीवरून कोयत्याची मजुरी व उचलीची वजावट ठरते.